थाय नूडल सूपवरच्या मिरची-व्हिनेगरसाठी परदेशात नेमकं कुठलं व्हिनेगर घ्यायचं?

कोकमसार

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, शेवटी आज धागा काढतेच.

आम्ही साडेतीन वर्षं बँकॉकला होतो, आता वर्षभर झालं हॅम्बुर्गला आलोय. बँकॉकला आमच्या सोईच्या तोंडाशी (सोई म्हणजे गल्ली) एक मावशी सकाळी सहा-साडेसहापासून नूडल सूपची गाडी लावायच्या. मी नेहमी सेन लेक घ्यायचे, म्हणजे तांदळाच्या बारीक चपट्या नूडल्स, स्वच्छ पाणीदार सूप, माशाचे गोळे, मोड आलेले मूग, वर तळलेला लसूण आणि कोथिंबीर. आता ज्यांनी खाल्लंय त्यांना माहितीच आहे की ते सूप समोर येतं तेव्हा मुद्दाम सौम्य असतं, अर्धवटच म्हणा ना, आणि पुढचं काम खाणाऱ्याने करायचं असतं. त्यासाठी प्रत्येक टेबलावर चार भांड्यांचा एक स्टँड असतो. एकात साखर, एकात सुक्या मिरचीची जाडसर पूड, एकात फिश सॉस आणि एकात मिरच्या घातलेलं व्हिनेगर, ज्याला प्रिक नाम सोम म्हणतात. आपापल्या जिभेप्रमाणे चारही घालायचं. पहिल्यांदा मला सूपमध्ये साखर हे काही पटलं नव्हतं पण महिन्याभरात कळलं की या चार गोष्टी एकमेकींना धरून असतात, एक काढली की बाकीच्या तीन बिनसतात.

तर माझं अडलंय ते या चौथ्या भांड्यापाशी. साखर, मिरची पूड, फिश सॉस सगळं इथल्या आशियाई दुकानात मिळालं. व्हिनेगर मात्र जमत नाहीये. पहिल्यांदा तांदळाचं जपानी व्हिनेगर आणलं, ते फारच मवाळ लागलं आणि मागे गोडसर चव राहिली. मग ॲपल सायडर घातलं तर सूपला सफरचंदाचा वास. मग व्हाइट वाइन व्हिनेगर, ते सॅलडसारखं लागलं. आंबट तिन्ही आहेत, पण त्या मावशींच्या बरणीतलं जे होतं ते जिभेवर सुईसारखं टोचायचं आणि पुढच्या क्षणी गायब, मागे काही म्हणता काही उरायचं नाही, फक्त मिरची. ते मला पाहिजे आहे.

मावशी कुठली बाटली वापरायच्या हे मी कधी विचारलंच नाही, साडेतीन वर्षांत एकदाही नाही, आणि त्याची आता फार हळहळ वाटते. कुणाला माहीत असेल तर सांगा ना. आणि जर्मनीत त्याच्या जवळचं काय मिळेल?

मीठमसाला

ताई, व्हिनेगर पाहिजेच कशाला, लिंबू पिळा की सरळ. आपण मिसळीवर पिळतोच ना. ताजं आणि घरचं.

कोकमसार

@मीठमसाला, लिंबू करून बघितलं हो. थाय लोकही लिंबू घालतात, पण ते तोम यम पद्धतीच्या नूडलमध्ये, तिथे दाणे, मिरची, लिंबू असा सगळा दणकाच असतो. साध्या स्वच्छ सूपमध्ये लिंबू पिळलं की सगळं सूप लिंबाचं होतं, त्याचा वास पुढे येतो. आणि मिसळीची तुलना मला आवडली, कारण तिथेही रस्सा वेगळा येतो आणि आपण आपल्याला हवा तसा वाढवत नेतो, पण मिसळीवर कोणी चिंचेचं पाणी घातलं तर कसं वाटेल? आंबटपणा तोच, पण पदार्थ तो राहत नाही.

तांबडीमाती

आशियाई जेवणाला आशियाई व्हिनेगर, हा माझा साधा नियम. तांदळाचंच घ्या पण थायलंडचं घ्या, जपानी नको. आणि बाटलीवर सुशीसाठीचं असं काही लिहिलं असेल तर ते अजिबात घेऊ नका, त्यात साखर-मीठ आधीच घातलेलं असतं. तुमची मागे राहणारी गोडसर चव बहुतेक तिथूनच आली असणार.

सुखुमवितकर

मी अजून बँकॉकातच आहे, अकरावं वर्ष चालू आहे, तर थोडं सविस्तर लिहितो.

आधी नावाचं. नुसतं नाम सोम म्हटलंत तर दुकानदार तुम्हाला संत्र्याचा रस देईल. व्हिनेगर पाहिजे असेल तर पूर्ण नाम सोम साइ चू म्हणायचं. सोम म्हणजे आंबट आणि सोम म्हणजे संत्रंही. फक्त प्रिक हा शब्द आधी लावला की मग नाम सोम म्हणजे व्हिनेगरच हे सगळ्यांना कळतं.

आता मुद्दा. इथल्या नियमांप्रमाणे व्हिनेगरचे तीन प्रकार आहेत आणि बाटलीवर ते लिहावं लागतं. एक आंबवलेलं, म्हणजे फळ, तांदूळ, उसाचा रस वगैरे आंबवून केलेलं. दुसरं ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड), म्हणजे अल्कोहोल आंबवून व्हिनेगर करायचं आणि मग ते ऊर्ध्वपातन करून घ्यायचं, किंवा ऊर्ध्वपातित अल्कोहोलपासूनच करायचं. ते पाण्यासारखं स्वच्छ असतं. आणि तिसरं कृत्रिम, सरळ ॲसेटिक ॲसिडमध्ये पाणी घालून केलेलं. पहिल्या दोन्हींत ॲसिड निदान ४ टक्के पाहिजे, कृत्रिमात ४ ते ७ टक्के चालतं.

नूडलच्या गाड्यांवर जे असतं ते मी आजवर बघितलंय ते बहुतेक दुसरं, स्वच्छ, बिनरंगाचं, ५ टक्क्यांचं. आमच्या घरी ओ सो रो ब्रँडची काचेची बाटली असते, तीही ऊर्ध्वपातित ५ टक्केच. तांदळाचं व्हिनेगर मी तरी नूडलच्या गाडीवर बघितलेलं नाही. म्हणजे @तांबडीमाती, नियम चुकीचा नाही, पण या पदार्थाला लागू नाही. आशियात सगळीकडे तांदळाचंच व्हिनेगर असतं असं आपण धरून चालतो, तिथे गोंधळ होतो.

अवांतर: हे सगळं नूडल प्रकरणच इथे चिनी, त्यातही तेओच्यू लोकांनी आणलं, कुयतिआव हा नूडलचा थाय शब्दही त्यांचाच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेव्हाचे पंतप्रधान फिबुन सोंगक्राम यांच्या सरकारने नूडल खा, नूडल विका असा जोरात प्रचार केला होता. म्हणजे हा काही राजवाड्यातला पदार्थ नव्हे, रस्त्यावरचा आहे, त्यात महागडं व्हिनेगर शोधूच नये.

कोकमसार

@सुखुमवितकर, मनापासून आभार! स्वच्छ, बिनरंगाचं, आता आठवतंय, बरणीतलं पाणी खरंच पाण्यासारखं दिसायचं आणि मिरच्यांचे लाल-हिरवे-पिवळे तुकडे त्यात स्पष्ट दिसायचे. तांदळाच्या व्हिनेगरला थोडी पिवळट झाक असते ना, माझ्या बरणीत ती झाक होती, ते मला खुपत होतं पण का खुपतंय ते कळत नव्हतं.

रसायनवाला

मी पुण्यात अन्नप्रक्रियेच्या क्षेत्रात काम करतो त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

ताईंनी वर्णन फार अचूक केलंय, टोचतं आणि गायब होतं. त्याचं कारण असं की ऊर्ध्वपातित पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ॲसेटिक ॲसिड आणि पाणी सोडून जवळजवळ काही नसतं. तांदळाच्या व्हिनेगरमध्ये थोडी साखर, अमिनो आम्लं, आंबवताना तयार झालेले इतर पदार्थ उरलेले असतात, त्यांनी आंबटपणाची धार बोथट होते आणि मागे चव रेंगाळते. सॅलडला, सुशीला तेच पाहिजे असतं. इथे नको असतं कारण हाडांच्या सूपमध्ये आणि फिश सॉसमध्ये ती रेंगाळणारी चव आधीच भरपूर आहे, व्हिनेगरचं काम फक्त तिला कापणं आहे.

दुसरं टक्क्यांचं. जपानी तांदळाचं व्हिनेगर साधारण ४ ते ४.५ टक्क्यांचं असतं. पांढरं ५ टक्के. ऐकायला फरक छोटा वाटतो पण ४.२ वरून ५ म्हणजे जवळजवळ एक पंचमांश जास्त ॲसिड. त्यात मिरच्या चिरून टाकल्या की मिरचीतलं पाणी उतरतं आणि व्हिनेगर अजून पातळ होतं. मग आपण सूपमध्ये एकाऐवजी दोन-तीन चमचे घालतो आणि सूप कोमट होतं. म्हणून बाटलीच्या पुढच्या चित्रापेक्षा मागचा टक्क्यांचा आकडा आधी वाचा.

भारतात राहणाऱ्यांसाठी: आपल्याकडे नियम किमान ३.७५ टक्क्यांचा आहे, आणि ॲसेटिक ॲसिडपासून केलेलं असेल तर लेबलवर सिंथेटिक हा शब्द छापावा लागतो. इथे करून बघणार असाल तर आकडा बघूनच घ्या.

एल्बेकाठी

हॅम्बुर्गवाल्या ताई, मी पण हॅम्बुर्गचाच! तुम्हाला पाहिजे ते तुमच्या घराखालच्या साध्या सुपरमार्केटमध्ये सगळ्यात खालच्या फळीवर आहे. नाव ब्रान्टवाईन-एसिग. नावात ब्रान्टवाईन म्हणजे दारू दिसते म्हणून आपले बरेच लोक हात लावत नाहीत, पण त्यात दारू नाही, अल्कोहोलपासून आंबवून केलेलं साधं पांढरं व्हिनेगर आहे. जर्मन लोक त्यात काकड्या घालतात. ५ टक्के लिहिलेलं घ्या. त्याच्याच शेजारी क्रॉयटर-एसिग असतं, त्यात हर्ब्ज घातलेले असतात, ते नको.

आणि एक महत्त्वाचं, अगदी महत्त्वाचं. त्याच फळीवर एसिग-एसेन्झ नावाची बाटली असते. ती २५ टक्के असते!! व्हिनेगर नव्हे, अर्क आहे. लोक किटलीतला चुन्याचा थर काढायला वापरतात. चुकून चमच्याने सूपमध्ये घालू नका.

कोकमसार

अहो एल्बेकाठी, हे तुम्ही महिन्यापूर्वी का नाही सांगितलंत! मी ती बाटली आणली होती. स्वच्छ पाण्यासारखं आहे, एसिग लिहिलंय, म्हणून उचलली. घरी उघडून नाकाशी नेली आणि असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी, पाच मिनिटं बोलता येईना. चव घेतली नाही हे नशीब. तेव्हा मला वाटलं की माल खराब आहे आणि मी ती मागे ठेवून दिली. माझी लेक सात वर्षांची आहे, तिच्या हाताला लागली असती तर, हा विचार आज तुमचं वाचून आला आणि पोटात गोळा आला. आज संध्याकाळीच वरच्या कपाटात हलवते.

रसायनवाला

ताई, चांगलं केलंत. कपाटाला कुलूप असेल तर अजून उत्तम, २५ टक्के ॲसिड डोळ्यात किंवा घशात गेलं तर भाजतं, ही भीती खोटी नाही.

खाण्यासाठीची असेल तर ती पातळ करून वापरता येते, एक भाग अर्क आणि चार भाग पाणी म्हणजे ५ टक्के झालं. पण आधी पाणी घ्या आणि त्यात अर्क ओता, मोजूनच, आणि लगेच बाटलीवर चिठ्ठी लावा. आणि साफसफाईचं म्हणून विकलं जाणारं व्हिनेगर कधीच खाण्यात वापरू नका, मग ते कितीही टक्क्यांचं असो, कारण त्यात वास-रंग घातलेला असू शकतो. खरं सांगायचं तर घरात लहान मूल असताना अर्काची बाटली ठेवूच नये, ५ टक्क्यांचं तयार एवढं स्वस्त मिळतं तर कशाला.

न्यूजर्सीची_आत्या

अमेरिकेतल्यांनी काळजी करू नये गं, इथे डिस्टिल्ड व्हाइट व्हिनेगर गॅलनच्या कॅनमध्ये मिळतं, बहुतेक सगळं ५ टक्के. इथला नियम किमान ४ चा. मी बटाटेवड्याच्या हिरव्या चटणीतपण तेच थोडं घालते, रंग टिकतो असं मला वाटतं.

कोकमसार, तुझा धागा वाचून आठवलं, आमच्या इथल्या थाय हॉटेलात ती चार भांडी मागितल्याशिवाय देत नाहीत. मागितली की मात्र आतून घरच्यासाठी ठेवलेली खरी बरणी येते. सगळ्यांनी मागा.

यॉर्कशायरचा_पाऊस

इंग्लंडात डिस्टिल्ड माल्ट व्हिनेगर म्हणून बिनरंगाचं मिळतं ते चालतं, ५ टक्के. तपकिरी माल्ट व्हिनेगर नको, त्याला बार्लीची जड चव असते, मी एकदा घातलं आणि अख्खं सूप चिप्सच्या दुकानासारखं वासायला लागलं. गंमत म्हणजे इथल्या फिश-चिप्सच्या बऱ्याच दुकानांत जे तपकिरी देतात ते आंबवलेलं व्हिनेगर नसतंच, ॲसेटिक ॲसिड, पाणी आणि रंग, त्याला कायद्याने व्हिनेगर म्हणतासुद्धा येत नाही.

गिरगावकर

या सगळ्यात आपल्या मुंबईच्या चायनीजवाल्याचं नाव अजून कोणी कसं घेतलं नाही? टेबलावर तीन वाट्या, सोया सॉस, लाल चिली सॉस आणि व्हिनेगरमधल्या हिरव्या मिरच्या. लहानपणी बाबांबरोबर सूप प्यायला जायचो तेव्हा पहिलं काम म्हणजे मिरचीचं व्हिनेगर चमचाभर सूपमध्ये. हे तेच आहे की नाही? मूळ तर एकच दिसतंय.

सिंगापूरकर

@गिरगावकर, इथे सिंगापूरलाही वाँटन नूडलबरोबर व्हिनेगरमधल्या हिरव्या मिरच्यांच्या चकत्या मिळतातच. दक्षिण चीनमधून लोक जिथे जिथे गेले तिथे ही बरणी गेली असं मला वाटतं. फक्त इथली गोडसर असते, साखर बरीच. मुंबईची खारट. थायलंडची त्या मानाने अगदी सरळ आंबट कारण साखर शेजारच्या भांड्यात वेगळी ठेवलेली आहे, ज्याची त्याने घालायची.

ताई, तुमच्या बरणीत साखर घालत असाल तर बंद करा, ती टेबलावर घाला.

कोकमसार

@सिंगापूरकर, हो!! मी नेटवरच्या एका कृतीप्रमाणे दोन चमचे साखर घालून उकळत होते. हे लक्षातच आलं नव्हतं. साखर वेगळ्या भांड्यात असण्यामागे एवढं कारण आहे हे आज कळलं.

उद्या ब्रान्टवाईन-एसिग आणते. कळवतेच.

माडाखालची

मी बार्देशातली, गोव्याची. आमच्याकडे माडाच्या सुरेपासून केलेलं व्हिनेगर असतं, घरोघरी मातीच्या भांड्यात मुरवायचे, अजूनही गावात मिळतं. सोरपोतेल, चोरीस, विंदालू सगळं त्याच्यावरच. विंदालू हे नावच पोर्तुगीज विन्या द आल्योशवरून आलं, वाइन आणि लसूण, आणि वाइनच्या जागी आमचं माडाचं व्हिनेगर आलं. माणसाला जे हाताशी मिळालं त्यातून पदार्थ पुढे गेला, आणि आता ते व्हिनेगर बदलून बघा, विंदालू होणारच नाही.

कोकमसार, तू जर्मनीहून आलीस की मी देते बाटली. पण खरं सांगते, तुझ्या या सूपसाठी ते नको घालू. त्याला खूप स्वतःचा वास आहे, थोडा गोडसर, थोडा ताडीचा. ते पुढे येणार. मला ते कितीही प्रिय असलं तरी त्याची जागा ही नव्हे.

मीठमसाला

मी शाकाहारी, पण वाचून इतकी इच्छा झालीय. फिश सॉसच्या जागी काय घालतात? की ते भांडं रिकामंच?

सुखुमवितकर

@मीठमसाला, इथे शाकाहारी दुकानं असतात, पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात ‘जे’ (म्हणजे काटेकोर शाकाहारी) असं लिहिलेलं. तिथे फिश सॉसऐवजी फिकट सोया सॉस असतो, बाकी तीन भांडी तीच. मात्र या ‘जे’ जेवणात लसूण-कांदाही चालत नाही, त्यामुळे तळलेला लसूण येणार नाही. घरी करत असाल तर लसूण घाला बिनधास्त. सूपला मुळा, मशरूम, कोबी आणि थोडे पांढरे मिरे उकळून बघा.

कोकमसार

मंडळी, केलं.

शनिवारी ब्रान्टवाईन-एसिग ५ टक्के आणलं, आणि एकदाच नीट लावू म्हणून चार छोट्या वाट्या भरल्या, एकात हे, एकात तांदळाचं, एकात ॲपल सायडर, एकात व्हाइट वाइन. प्रत्येकात सारख्याच मिरच्या, सारखंच मीठ. रात्रभर ठेवलं. रविवारी कोंबडीच्या हाडांचं सूप केलं, चार वाडग्यांत सारखं ओतलं आणि नवऱ्याला डोळे मिटून बसवलं. पहिला चमचा ब्रान्टवाईन-एसिगचा होता, त्याने डोळे उघडलेच आणि म्हणाला, हे मावशींचं. बाकीचे तीन चाखायची गरजच राहिली नाही तरी चाखले, आणि तिन्हींत व्हिनेगर आधी लागतं आणि मिरची नंतर, हे आम्हा दोघांनाही स्पष्ट जाणवलं. यात मात्र मिरची आधी.

म्हणजे वर्षभर मी चांगल्यातलं चांगलं व्हिनेगर शोधत राहिले, महागातलं, आणि पाहिजे होतं ते ज्याला स्वतःची चवच नाही असं.

तरी शंभर टक्के नाही अजून. मिरची कमी पडतेय. इथे सुपरमार्केटात पेपेरोनी म्हणून लाल लांब मिरच्या मिळतात (पिझ्झावरची पेपरोनी नव्हे, इथे पेपेरोनी म्हणजे मिरचीच), त्यांची साल जाड आणि तिखटपणा बेताचा. बँकॉकच्या बरणीत चांगला मिरचीचा सुगंध असायचा. @सुखुमवितकर, तिथे कुठली मिरची वापरतात?

सुखुमवितकर

वा, फार आनंद झाला.

मिरची बहुतेक प्रिक ची फा, बोटाएवढी लांब, मध्यम तिखट, लाल आणि हिरवी दोन्ही. आणि पिवळसर-नारिंगी एक असते, प्रिक लुअंग, तिचा वास वेगळाच, जवळजवळ फळासारखा. तुम्हाला आठवणारा सुगंध तिचा असणार.

पण एक विचारायचं राहिलं, तुमच्या मावशींची मिरची चकत्या केलेली होती की कुटलेली? कारण दोन प्रकार आहेत. चकत्यांचं स्वच्छ व्हिनेगर असतं ते राद ना, पाद सी इऊ वगैरे परतलेल्या रुंद नूडल्सबरोबर हमखास. आणि नूडल सूपच्या, विशेषतः बोट नूडलच्या दुकानांत बऱ्याचदा लाल मिरची लसणाबरोबर कुटून व्हिनेगरमध्ये कालवलेली असते, ती नारिंगी आणि दाटसर दिसते. बोट नूडल म्हणजे पूर्वी कालव्यांतून होड्यांवर विकायचे ते, वाडगा एवढासा, सूप गडद, रक्त घातलेलं. त्यात नुसतं पातळ व्हिनेगर हरवून जातं, कुटलेलंच लागतं.

कोकमसार

मावशींकडे दोन्ही असायचं! स्टँडवर चकत्यांचं, आणि बाजूला एका झाकणाच्या काचेच्या बरणीत नारिंगी. मी नारिंगी कधी कधीच घ्यायचे कारण फार झणझणीत. म्हणजे तो सुगंध कदाचित त्यातून येत असेल.

कृती मिळेल का?

सुखुमवितकर

माझी बायको थाय आहे, तिला विचारून लिहितो. लाल लांब मिरच्या साताठ, त्यात तिखटपणासाठी छोट्या लाल मिरच्या तीन-चार, लसूण चार पाकळ्या. मिरच्या दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकून काढायच्या, कच्चेपणा जातो. काही जण त्याऐवजी कोरड्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजतात, ती म्हणते तिच्या आईकडे भाजायचे. मग खलबत्त्यात लसूण-मीठ आधी, नंतर मिरच्या, जाडसर कुटायचं, मिक्सरमध्ये गंध करायचा नाही. अर्धा कप व्हिनेगर ओतायचं, अर्धा चमचा मीठ. एक दिवस ठेवून खायचं. काचेच्याच बरणीत, धातूचं झाकण नको आणि धातूचा चमचा आत ठेवून द्यायचा नाही.

कोकमसार

केलं लगेच, तव्यावर भाजून. सगळं झालं पण सकाळी बघते तर लसणाचे काही तुकडे निळसर-हिरवे! फेकून देऊ का? @रसायनवाला असाल तर सांगा प्लीज, बरणीकडे बघत बसलेय.

रसायनवाला

फेकू नका. लसणातले गंधकाचे संयुगं ॲसिडमध्ये आले की असा निळा-हिरवा रंग कधी कधी येतो. खायला काही हरकत नाही. उत्तर चीनमध्ये तर मुद्दाम व्हिनेगरमध्ये लसूण हिरवा करून खातात. हिरव्या मिरच्याही दोन दिवसांत मेंदीच्या रंगासारख्या मळकट होतील, तेही ॲसिडमुळेच, हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं. वास बदलला, बुरशी दिसली किंवा बुडबुडे यायला लागले तर मात्र फेका.

कुटलेलं फ्रिजमध्ये ठेवा आणि दोनेक आठवड्यांत संपवा. आणि व्हिनेगर पाण्याने पातळ करू नका, ते ५ टक्के आहे म्हणून टिकतंय.

एल्बेकाठी

ताई, मिरचीसाठी तुर्की भाजीवाल्याकडे जा. लांब, बारीक, वाकड्या हिरव्या मिरच्या असतात, साल पातळ. काही तिखट निघतात काही अजिबात नाही, त्यामुळे एक चावून मग घ्या. लाल छोट्यांसाठी आशियाई दुकानात गुरुवार-शुक्रवारी ताजा माल येतो निदान माझ्या जवळच्या दुकानात, फ्रीझरमध्येही असतात, कुटायला फ्रोझन चालतात.

तांबडीमाती

माझं मत मी मागे घेतो. काल पांढरं व्हिनेगर आणून करून बघितलं, शेजारी तांदळाचं ठेवून. सुखुमवितकर बरोबर बोलले. तांदळाचं आता मी काकडीच्या कोशिंबिरीला ठेवलंय, तिथे ते सुंदर लागतं.

कोकमसार

काल रात्री परत केलं. तुर्की हिरव्या मिरच्यांच्या चकत्या स्वच्छ व्हिनेगरमध्ये, नुसतं मीठ, आणि दुसऱ्या बरणीत भाजून कुटलेलं नारिंगी. निळा लसूण सकट. साखर तिच्या भांड्यात. सूपला आधी काहीच न घालता एक घोट घेतला, तिथे दुकानांत पाटीही असायची, चिम कॉन प्रुंग, आधी चव बघा मग घाला. मग फिश सॉस थोडा, साखर पाऊण चमचा, चकत्यांचं व्हिनेगर दीड चमचा, शेवटी नारिंगी अगदी चमच्याच्या टोकावर.

झालं. तेच आहे. मी जेवता जेवता थांबले. लेकीने तिखट न घालता नुसतं व्हिनेगर आणि साखर घालून पूर्ण वाडगा संपवला, तिला तिथलं बरंच आठवत नाही आता, पण गाडीवरच्या मावशी तिला माशाचा एक गोळा जास्त द्यायच्या हे तिने आपणहून काढलं.

@सुखुमवितकर, तुमच्या पत्नीला आमच्या घरातून खास खॉप खुन खा (थायमधलं धन्यवाद) सांगा. आणि एक काम सांगू का, आरी स्टेशनच्या बाजूला कधी गेलात तर सकाळी सातच्या आत सोईच्या तोंडाशी निळ्या छत्रीची गाडी अजून लागते का बघाल? मी खुणेसकट व्यक्तिगत निरोपात लिहिते.

सुखुमवितकर

नक्की. पुढच्या आठवड्यात त्या बाजूला काम आहेच, लवकर निघतो. बाटली कुठली वापरतात तेही विचारून येतो.

कोकमसार

वाट बघते. तोवर जर्मनीत कुणाला ताज्या पिवळ्या मिरच्या, प्रिक लुअंगसारख्या, कुठे दिसल्या तर इथेच लिहा प्लीज, बरणीत अजून जागा आहे.